गुरुजींच्या निवृत्तीची तारीख आधीच ठरलेली असते, तरी जूनमध्ये वर्ग रिकामा का?

जिल्हा परिषदेच्या जुन्या शिक्षकांच्या जन्मतारखांची यादी कधी हाताला लागली तर बघा. १ जून, १ जून, परत १ जून. एका अख्ख्या पिढीतले निम्मे गुरुजी त्याच दिवशी जन्मले की काय असं वाटावं. कारण साधं आहे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा आई-बापाला तारीख सांगता आली नाही, आणि समोरच्या गुरुजींनी वय बसेल अशी १ जून लिहून टाकली. त्यामुळे ५८ वर्षं पूर्ण झाली की ही मंडळी एकाच दिवशी निवृत्त होतात, ३१ मे रोजी. त्या संध्याकाळी प्रत्येक तालुक्यात शाल, श्रीफळ आणि भाषणं चाललेली असतात.

ही तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. नोकरी लागल्या दिवसापासून ती पंचायत समितीला माहीत असते, जिल्हा परिषदेला माहीत असते. म्हणजे कुठल्या शाळेत कुठल्या वर्षी जागा रिकामी होणार हे वीस-तीस वर्षं आधी कळलेलं असतं. पाऊस कधी येणार हे सांगता येत नाही, पण हे सांगता येतं. तरीही जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा त्या खुर्चीवर कुणी नसतं, आणि मग ‘शिक्षकांची टंचाई’ अशी बातमी येते.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा. २०२२ च्या ३१ मेला आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कायम शिक्षक आला तो २०२४ च्या जूनमध्ये. मधली दोन शैक्षणिक वर्षं कशी गेली ते पुढे येईलच. या काळात टंचाईवर उपाय म्हणून सरकारने जे जे जाहीर केलं, त्यातलं बरंचसं माझ्या व्हरांड्यात येऊन गेलं. त्यामुळे या योजना कागदावर काय आहेत आणि वर्गात आल्यावर त्यांचं काय होतं, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी एक हिशेब

चार इयत्तांचे मिळून चौदा-पंधरा विषय होतात. पहिली-दुसरीला भाषा, गणित, इंग्रजी. तिसरीपासून त्यात परिसर अभ्यास येतो, चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक वेगळं. कला, खेळ, कार्यानुभव धरलेच नाहीत. दिवसाचे शिकवायचे तास पाच धरले तर शिक्षक एकटा असताना एका इयत्तेच्या एका विषयाला वीस मिनिटं येतात. तीही तालुक्याहून फोन आला नाही, पोषण आहाराची माहिती भरायला रेंज शोधत टेकाडावर जावं लागलं नाही आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही तर. या वीस मिनिटांत बाकीच्या तीन इयत्ता काय करतात? पाढे लिहितात. पाठ केलेले पाढे परत लिहितात.

यूडायसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात १ लाख ४ हजारांहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. महाराष्ट्रात त्या ८,१५२ आहेत. महाराष्ट्राला प्रगत राज्य म्हणायची आपल्याला सवय आहे, म्हणून हा आकडा जरा थांबून वाचावा.

कायदा काय म्हणतो तेही बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. पट ८ असो की ५८, शिक्षक दोन. याच कायद्याच्या कलम २६ नुसार शाळेतल्या रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी झाली की ते प्रमाण पन्नास टक्के होतं. जिल्ह्याची सरासरी काढली की मात्र आमचे पन्नास टक्के त्यात विरघळून जातात.

पद कोण ठरवतं?

टंचाई म्हणजे मंजूर पदं वजा हजर शिक्षक. त्यामुळे टंचाई दोन प्रकारे कमी करता येते. शिक्षक नेमा, नाहीतर मंजूर पदंच कमी करा. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि तो ज्या कागदावरून जातो त्याला संचमान्यता म्हणतात. दरवर्षी शाळेचा पट बघून तिला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारं हे पत्रक. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते आलं की निकाल लागल्यासारखी शांतता पसरते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. २० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एक नियमित शिक्षक, आणि दुसरा लागलाच तर सेवानिवृत्तांतून. सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुलं असतील तर पदच नाही. म्हणजे कायद्यात साठपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत आणि निकषात विसाच्या आत एक. ही फट टंचाईच्या आकड्यात दिसत नाही, कारण जे पद मंजूरच नाही ते रिक्त कसं असेल?

मोजणीची तारीख हाही एक भाग आहे. पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. मी आधी काही वर्षं शिरोळ तालुक्यात होतो. तिकडे दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू होतात, बीड-जालन्याकडून ऊसतोड टोळ्या येतात, फडाच्या कडेला पालं पडतात आणि त्यातली काही मुलं आमच्या वर्गात येऊन बसतात. एका वर्षी माझ्या वर्गात नोव्हेंबर ते मार्च अशी नऊ मुलं वाढली होती. त्यांच्या गावाकडच्या शाळेने त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवलेलं, आम्ही त्यांना वह्या दिल्या, खिचडी दिली. पण संचमान्यतेसाठी ती त्यांच्या गावात होती. जानेवारीत माझ्यासमोर बसलेलं मूल कागदावर मराठवाड्यात बसलेलं असतं. शिवाय आता आधार वैध असलेलीच मुलं धरतात. नावात एक वेलांटी चुकली की मूल वर्गात बसतं, पण मोजणीत बसत नाही.

कायम भरतीला इतका वेळ का लागतो?

याचं मूळ २०११ मध्ये आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि कित्येक शाळांमध्ये मुलं फक्त हजेरीपटावर असल्याचं उघड झालं. बोगस पट म्हणजे जास्तीचे शिक्षक. म्हणून आधी या अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन करू, मग नवी भरती, असं ठरलं आणि २ मे २०१२ पासून भरती थांबली. चोरी संस्थाचालकांनी केली आणि शिक्षा डी.एड. झालेल्या पोरांना झाली. त्या काळात बारावीला चांगले मार्क पडलेली मुलं इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जायची. नोकरीची हमी, गावात मान. तीच मुलं पुढची पाच-सात वर्षं जाहिरातीची वाट बघत राहिली. कुणी एमआयडीसीत लागलं, कुणी दुधाचा धंदा केला, कुणी अजून वाट बघतंय.

२०१७ मध्ये पवित्र पोर्टल आलं. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यायची, गुण पोर्टलवर चढणार आणि त्यावर निवड होणार. (ही टेट आणि टीईटी वेगळ्या. टीईटी पात्रतेची, टेट निवडीची. घरच्यांना हा फरक समजावून सांगताना बरेच उमेदवार थकलेत.) पोर्टलची कल्पना चांगलीच आहे. खासगी संस्थांमध्ये शिक्षकाच्या जागेचा ‘रेट’ काय चालतो हे पश्चिम महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. गुणवत्तेवर, एक पैसा न देता नोकरी लागलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

अडचण वेगाची आहे. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, पहिली निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दुसरी टेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. म्हणजे दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांचं अंतर. ती २ लाख १६ हजार जणांनी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये २१,६७८ जागांची जाहिरात आली. त्यातल्या मुलाखतीशिवाय भरायच्या जागा १६,७९९ आणि यादीत नावं आली ११,०८५. उरलेल्या पाच हजार सातशे जागांसाठी त्या त्या प्रवर्गात किंवा विषयात पात्र उमेदवार मिळाले नाहीत. दोन लाख माणसं रांगेत आणि तरी जागा रिकाम्या, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण समांतर आरक्षण, माध्यम आणि विषय यांच्या चाळण्या एकावर एक लावल्या की असंच होतं. तिसरी टेट २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली, २ लाख ११ हजार जण बसले.

गुरुजींची जन्मतारीख मात्र परीक्षेच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. दर ३१ मेला जागा रिकाम्या होतात आणि भरती दोन-पाच वर्षांनी एकदा येते. मधला काळ कसा भागवायचा, हा प्रश्न म्हणजेच सगळ्या ‘उपाययोजना’.

मधल्या काळातले पाहुणे

७ जुलै २०२३ चा शासन निर्णय: कायम भरती होईपर्यंत जिल्हा परिषद शाळांमध्ये सेवानिवृत्त शिक्षक करारावर घ्या. मानधन महिना २० हजार, वयाची मर्यादा ७०. राज्यभर टीका झाली. लाखो तरुण बेकार असताना म्हातारे कशाला, असा सूर होता.

आमच्या शाळेत त्या ऑगस्टमध्ये असे एक गुरुजी आले. वय ६३. मी खरं सांगतो, पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात ते माझ्यापेक्षा सरस होते. चिंचोके, काड्या, जुन्या लग्नपत्रिका, असलं काहीबाही घेऊन यायचे आणि दिवाळीपर्यंत पहिलीचा वर्ग जोडाक्षरांपर्यंत गेला. पण करारावरच्या शिक्षकाला शिकवण्यापलीकडे अधिकार नसतात. सही माझी, लॉगिन माझं, पोषण आहाराचा तांदूळ माझ्या नावावर, मतदार यादीचं कामही माझ्याकडे. त्यामुळे मी कागद करत बसायचो आणि चारही इयत्ता ते बघायचे. पावसाळ्यात आमच्याकडे ओढ्यावरून पाणी गेलं की एसटी अलीकडेच थांबते, मग ते दोन किलोमीटर चालत यायचे. एप्रिलमध्ये करार संपला. जूनमध्ये मुलांनी विचारलं, जुनं गुरुजी कुठायत? पहिलीतून दुसरीत गेलेल्या मुलांना आता परत नवा आवाज, नवी पद्धत.

निवृत्तांना नेमण्यात अपमानास्पद काही नाही. गैरसोय आहे ती नेमणुकीच्या मुदतीत. माणूस अनुभवी मिळाला, पण पद अकरा महिन्यांचंही नाही.

पुढचा निर्णय आला ५ सप्टेंबर २०२४ ला. होय, शिक्षकदिनीच. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन १५ हजार. त्याच महिन्यात डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांनाही यात घेण्याचा निर्णय झाला. आधीची योजना ‘भरती होईपर्यंत’ होती. हिने एक कायम जागाच कंत्राटी करून टाकली. २५ सप्टेंबरला राज्यभरातले प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले ते यासाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने हा कंत्राटी शिक्षकांचा निर्णय मागे घेतला. संचमान्यतेचे निकष मात्र राहिले.

याच सुमाराला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले तरुणही शाळांमध्ये आले. शिक्षणानुसार महिना सहा, आठ किंवा दहा हजार विद्यावेतन, मुदत आधी सहा महिने, मग आणखी पाच. ही मुळात नोकरीचा अनुभव देणारी योजना. शिक्षक कमी असलेल्या शाळेत असा तरुण आला की तो अनुभव थेट वर्ग सांभाळण्याचाच मिळतो. त्यातले काही फार चांगलं शिकवायचे. मुदत संपल्यावर तेही गेले.

आता पैशांचा हिशेब. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये, भत्ते वेगळे. कायम भरतीतून आलेल्या शिक्षकालाही पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावरच काढावी लागतात, प्राथमिकसाठी ते आता १६ हजार आहे. २००६ मध्ये मी लागलो तेव्हा ३ हजार होतं. त्यातले बाराशे खोलीभाड्यात जायचे आणि घरी सांगायचो की सगळं ठीक आहे. म्हणजे सरकारला कायम शिक्षकसुद्धा पहिली तीन वर्षं स्वस्तच पडतो. कंत्राटी १५ हजार आणि शिक्षण सेवक १६ हजार यांत फरक हजाराचा. मग कंत्राटाने वाचतं काय? तीन वर्षांनंतरचा पगार वाचतो. मूल चौथीत जाईल तेव्हाचा.

सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचा प्रस्ताव मागवला तेव्हा जे आकडे आले ते असे: राज्यात २० किंवा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शिक्षकामागे सहा मुलं येतात. तिकडे इचलकरंजी-हातकणंगले पट्ट्यात परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या मुलांनी वर्ग भरलेत आणि पश्चिमेकडच्या वाडीत सहा मुलांना एक शिक्षक. कुणीही हिशेबनीस माणूस विचारेल की हे परवडतं का. आमच्या संघटनांनी या प्रश्नाला नीट उत्तर दिलेलं नाही, घोषणा दिल्या. माझं तर म्हणणं आहे की जिथे डांबरी रस्ता आहे, किलोमीटर-दीड किलोमीटरवर दुसरी चांगली शाळा आहे आणि गावाची तयारी आहे, तिथे दोन शाळा एक करायला हरकत नसावी. पुणे जिल्ह्यात पानशेतला आणि नंदुरबारला तोरणमाळला असे प्रयोग झालेले आहेत.

पण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडचे धनगरवाडे नकाशावर मोजून चालत नाही. नकाशावरचे दोन किलोमीटर जुलैत कितीचे होतात हे तिथल्या बाईला विचारा. गव्याची भीती असते, ओढा असतो, धुकं असतं. गाडी देऊ म्हणतात. गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबते. आणि शाळा लांब गेली की आधी मुलींचं नाव कमी होतं, हे सांगायला कुठला अहवाल लागत नाही.

हे कोल्हापूर आहे, म्हणून एक आठवण काढावीच लागते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्यांच्यासमोरही शिक्षक मिळत नाहीत, पैसा पुरत नाही, हे प्रश्न होतेच. पण सक्ती पालकावर करायची असेल तर शाळा आणि मास्तर देणं आपल्या अंगावर येतं, हा व्यवहार त्या कायद्यात होता. आजच्या कायद्यात तो ६० मुलांना दोन शिक्षक या शब्दांत लिहिलेला आहे.

घाटाखालची गोष्ट

कोल्हापूरच्या टंचाईचा एक भाग कोल्हापुरात दिसतच नाही. तो घाटाखाली दिसतो. सोमवारी पहाटे सीबीएस स्टँडवर कोकणात जाणाऱ्या गाड्या बघा, शिक्षकांच्या बॅगा ओळखू येतात. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या जिल्हा परिषदांमध्ये वर्षानुवर्षं कोल्हापूर-सांगलीकडचे उमेदवार लागत आले, कारण इकडे डी.एड. झालेले जास्त आणि जागा कमी. मग काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने ते घरी येतात. २०२३ मध्ये रत्नागिरीतून एकदम शेकडो शिक्षक कार्यमुक्त झाले आणि कित्येक शाळा शिक्षकाविना उरल्या. इकडे जागा भरली आणि तिकडे रिकामी झाली. राज्याच्या बेरजेत काही फरक नाही.

मी स्वतः याच दारातून आलोय. नऊ वर्षं कोकणात काढली, आई आजारी पडली, बदली मागितली, मिळाली. मी निघालो त्या दिवशी ती शाळा एकशिक्षकी झाली. मागे राहिलेल्या मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतल्या. त्यामुळे बदली मागणाऱ्यांवर मी टीका करणार नाही आणि मागे राहिलेल्या मुलांचं कारण सांगून कुणाला घरापासून तोडा असंही म्हणणार नाही. उपाय भरतीत आहे. दुर्गम तालुक्यातल्या जागा आधीपासून वेगळ्या दाखवा, तिथे पाच-सात वर्षं राहण्याची अट घाला आणि त्या बदल्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या, राहायला खोली द्या. १६ हजारांत घरापासून सहाशे किलोमीटरवर आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा रस्ताच बघणार.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्याकडे आलेल्या मॅडम विदर्भातल्या आहेत. टेटमधून, पूर्ण गुणवत्तेवर. मुलांची बोली कळायला त्यांना महिना लागला, मुलांना त्यांची कळायला आठवडा. उत्तम शिकवतात. २०२७ मध्ये त्या नियमित होतील. त्यांचेही आई-वडील म्हातारे होतायत.

आणि त्यात टीईटी

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांची मुदत, नाहीतर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरी करता येईल, पदोन्नती नाही. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ मध्ये. माझ्यासारखे त्याआधी लागलेले हजारो शिक्षक आता वयाच्या चाळिशी-पन्नाशीत बाकावर बसले. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला मीही होतो. माझा एक जुना विद्यार्थी पलीकडच्या रांगेत होता, दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवलं.

परीक्षेला माझा तत्त्वतः विरोध नाही. डॉक्टरला, वकिलाला विचारता तसं शिक्षकाला विचारा. पण दोन वर्षांनी या अटीवर किती जण घरी जातील, त्यांच्या जागा कोण आणि कधी भरणार, याचं उत्तर आज कुणाकडून मिळत नाही. भरतीचा वेग वर सांगितलाच. आणि परीक्षा किती सरळ होतात तेही आमच्या जिल्ह्याने पाहिलं. या टीईटीच्या तोंडावरच कागल तालुक्यात पोलिसांनी पेपर मिळवून देतो म्हणून उमेदवार गोळा करणारी टोळी पकडली. त्याआधीच्या टीईटी घोटाळ्यात साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले होते. ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवून शिक्षक रस्त्यावर आले त्यात टीईटीची सक्ती आणि संचमान्यता, दोन्ही मागण्या होत्या.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. पुढच्या तीन वर्षांत कुठल्या शाळेतून कोण निवृत्त होणार याची यादी जिल्हा परिषदेकडे आजही आहे, ती जाहीर करा. टेट दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्या आणि यादी मे संपण्यापूर्वी लावा. पट मोजायची तारीख एक नको, दोन ठेवा, एक सप्टेंबरची, एक जानेवारीची. लहान शाळेत शिक्षक मुलांच्या नव्हे, इयत्तांच्या संख्येवर द्या. निवृत्त गुरुजी जरूर बोलवा, पण तिसरा हात म्हणून, कायम शिक्षकाच्या जागी नको. यासाठी पैसा लागेल हे खरं आहे. तो कुठून आणायचा हे मला सांगता येणार नाही, पण योजनांची नावं बदलून तो उभा राहत नाही एवढं पाहिलंय.

गेल्या ३० सप्टेंबरला आमचा पट २१ होता. विसाच्या वर एक. चौथीतली सहा मुलं येत्या जूनमध्ये पलीकडच्या गावातल्या पाचवीला जातील. पहिलीच्या दाखलपात्र मुलांची यादी अंगणवाडीच्या ताई आणि मी मिळून केली, घरोघर फिरून. चार नावं आहेत. त्यातल्या एकाचे वडील म्हणाले, मलकापूरला इंग्लिश मीडियमची गाडी येते, बघू.